गुडघा नापास

"वाकवून बघू."

नमस्कार नाही, कसं काय नाही. दुकानाची पायरी चढली की हा माणूस हात पुढे करायचा आणि एवढंच म्हणायचा. मी निमूटपणे खेळण्यातला सैनिक त्या हातावर ठेवायची. मग आधी सैनिकाचा डावा गुडघा, मग उजवा, मग कोपरं, मग मान. ओठ हलत असायचे, म्हणजे मोजणी चालू आहे. मध्येच कुणी बोललं की पुन्हा एकपासून सुरुवात. गिऱ्हाईक ताटकळलंय, त्याला शिसपेन्सिल हवी आहे, त्याची एसटी सुटायला आली आहे, आणि आमच्या काउंटरवर वीतभर प्लास्टिकच्या जवानाची कवायत चालली आहे.

काय सांगू तुम्हाला, डोक्याला नुसता ताप होता.

तुम्हीही अशी माणसं बघितली असतील. रसवंतीवर ग्लास उजेडात धरून बघणारे, कापडाच्या दुकानात शर्ट उलटा करून शिवण तपासणारे. दोन मिनिटं गंमत वाटते. पण असा माणूस दर गुरुवारी, चार वर्षं, तुमच्याच काउंटरला टेकून उभा राहिला म्हणजे कळतं. रागाच्या भरात मी त्यांना 'हा माणूस' म्हणते, एरवी 'ते' म्हणते. तेवढं चालवून घ्या. नाव लिहीत नाही. आमच्या पेठेत त्यांना सगळे 'पासवाले काका' म्हणायचे, आणि ज्यांना ओळख पटायची त्यांना तेवढ्यावरून पटेल.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. माझं माहेर बारामतीचं, सासर इंदापूरचं. पेठेत सासऱ्यांचा एक गाळा रिकामा पडला होता. तो मी हट्टाने मागून घेतला आणि वह्या, बांगड्या, टिकल्या, खेळणी असं दुकान थाटलं. आमच्या घरातली बाई तोवर गल्ल्यावर बसलेली नव्हती. मामंजी दर चार महिन्यांनी एक फेरी मारायचे, फळीवरच्या मालावर बोट फिरवून धूळ बघायचे आणि म्हणायचे, "सूनबाई, गाळा खतवाला मागतोय." म्हणजे दुकान चाललं तर माझं, नाही तर युरियाचं. माझा जीव त्या दहा बाय बाराच्या गाळ्यात अडकला होता. सकाळी शटर वर करताना जो आवाज व्हायचा ना, त्याने मला माझं नाव ऐकल्यासारखं वाटायचं.

आणि अशा दुकानात हा माणूस यायचा.

ते कळसचे. लोणी देवकरला नव्या निघालेल्या कारखान्यांपैकी एकात कामाला होते. ठिबक सिंचनाचे प्लास्टिकचे जोड तिथे बनत. साच्यातून निघालेला जोड वाकवायचा, पिळायचा, तपासायचा, हे त्यांचं काम. गुरुवारी सुट्टी. सुट्टीच्या दिवशी लोक झोपतात, देवाला जातात, शेतावर जातात. हे मोपेडवर बसून वीस-पंचवीस किलोमीटर येत आणि माझ्याकडचे सैनिक वाकवत.

सैनिकच. गाड्या नकोत, बाहुल्या नकोत, भोवरे नकोत. हात-पाय हलणारे, पाठीला पिशवी, हातात बंदूक, असे लष्करी जवान तेव्हा पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या पारदर्शक डबीत यायला लागले होते. कुठला नवा जवान आला की यांना तो हवाच. तोही एक नाही, दोन.

"दोन कशाला?" मी पहिल्यांदा विचारलं.

"एक ठेवायला, एक मोडायला."

"मोडायला?"

"मोडल्याबिगर कळतंय व्हय वैनी, कुठवर टिकतंय ते?"

मला वाटलं, डोक्यात काहीतरी कमी आहे. नंतर त्यांच्या बायकोची गाठ पडली. ती बिचारी म्हणाली, "आमच्या घरात जेवढी माणसं न्हाईत, तेवढी तंगडी पडल्याती. झाडताना चाळणी लावावी लागती."

ठेवायचे जवान मात्र त्यांनी नीट ठेवले होते म्हणे. घरातल्या फडताळात, रांगेत, उंचीप्रमाणे. पूर्वी त्या घरी मेंढरं होती. वडील अख्खा पावसाळा मेंढरामागे फिरायचे. बाजारात मेंढा घ्यायचा तर आधी खूर, मग दात, मग पाठीवरून हात, असा त्यांचा शिरस्ता. लेकाने तो जसाच्या तसा उचललेला. जवानाचे तळवे बघायचे, बोटाने कणा चाचपायचा, आणि हे सांगताना मला आजही हसू येतं, नखाने हनुवटी खाली ओढून तोंड उघडतं का ते बघायचे. मग वास घ्यायचे. "भंगाराचा दाणा मिसळलाय," म्हणायचे. जुनं प्लास्टिक वितळवून घातलं की वास वेगळा येतो म्हणे. वाण्याच्या दुकानात बाया तूरडाळ हुंगतात, तसा हा माणूस माझ्याकडे शिपाई हुंगायचा, आणि तेही चार गिऱ्हाइकांसमोर!

एवढ्यावर थांबले असते तरी मी खपवून घेतलं असतं. पण ते लिहायचे.

कारखान्यात तपासणीची कार्डं असत, पिवळी, भोक पाडलेली. रद्द झालेली कार्डं ते घेऊन यायचे. नग, तपासणी, निकाल, सही, असे रकाने छापलेले होते. एक रकाना त्यांनी स्वतः पट्टीने आखून वाढवला होता: 'किती वेळा वाकवला'. नव्या जवानाचं परीक्षण पेन्सिलीने लिहून, सही करून, ते कार्ड दोऱ्याने माझ्या दारातल्या खिळ्याला अडकवायचे. मला न विचारता.

त्यातली काही मला तोंडपाठ आहेत. "नग: दुर्बीणवाला. मान पुरी फिरते, पण मागे बघताना टोपी पडते. दुर्बीण डोळ्याला लागत नाही, कपाळाला लागते. किती वेळा वाकवला: चाळीस. निकाल: पास, टोपी चिकटवून घ्यावी." किंवा, "नग: बर्फातला जवान. कपडे बर्फाचे, बूट वाळवंटाचे. असा गडी पहिल्याच रात्री गारठेल. किती वेळा वाकवला: चौदा, तेव्हा हात निखळला. निकाल: नापास."

शाळा सुटली की पोरांची झुंबड त्या खिळ्यापाशी. आधी कार्ड वाचायची, मग आईचा पदर ओढायची. 'पास' लिहिलेला जवान दोन दिवसांत संपायचा. 'नापास' लिहिलेला माझ्या उरावर बसायचा. एक गुरुजी तर वर्गात सांगायचे म्हणे, निबंध असा लिहावा, कमी शब्दांत, पुराव्यानिशी. मी कार्ड काढून फेकलं की पोरं विचारायची, "काकू, काकांचं कार्ड कुठंय?" आणि घेतल्याशिवाय निघून जायची. धरवत नाही आणि सोडवत नाही, अशी माझी गत.

एकदा मी खूप चिडले. म्हटलं, "अहो भाऊ, खेळणं आहे ते! लढाईला थोडंच जायचंय त्याला?"

त्यांनी हातातला जवान काउंटरवर आडवा ठेवला. मग म्हणाले, "आमी भरतीला गेलतो वैनी. तीनदा. पळण्यात पहिला, दोराला पहिला. शेवटी ओल्या पायानं फरशीवर उभं केलं. ठसा पुरा उमटला. तळवं सपाट. सायबानं नुसतं बघितलं आन् पेन्सिलीनं काट मारली. पळवून बघितलं न्हाय, चालवून बघितलं न्हाय. बघितलं आन् नापास."

जवान पुन्हा उचलून म्हणाले, "म्हून आपण वाकवून बघितल्याशिवाय बोलायचं न्हाय." आणि मोजणी एकपासून सुरू. मला वाईटही वाटलं आणि रागही आला. वाईट वाटायला लावून हा माणूस माझा माल पाडत होता.

मग ती दिवाळी आली.

आमच्याकडे दिवाळीला पोरं दारात मातीचा किल्ला करतात, हे तुम्हाला माहीत आहेच. वर सिंहासनावर महाराज, खाली मावळे, उतारावर अळिवाचं हिरवं रान. पण त्या सुमारास किल्ल्यांवर नवी भरती सुरू झाली होती. बुरुजावर मातीचा मावळा भाला घेऊन उभा आणि त्याच्या शेजारी प्लास्टिकचा कमांडो बंदूक रोखून बसलेला. कुणालाच त्यात वावगं वाटत नसे. महाराजांच्या रक्षणाला जितके जास्त तितकं चांगलं.

बारामतीच्या ठोक व्यापाऱ्याने मला त्या वर्षी सांगितलं की आठ जवानांची नवी फौज निघाली आहे, मुंबईचा माल, अख्ख्या तालुक्यात तुमच्याशिवाय कुणाकडे नाही. खोकं उघडलं आणि मी भुललेच. एक वायरलेसवाला, एक सुरुंग शोधणारा, एक डॉक्टर, एक दोरीवरून उतरणारा. डोळ्यांत बाहुल्यासुद्धा रंगवलेल्या. मी दिवाळीचा सगळा पैसा त्या एका फौजेवर लावला. दोन भली मोठी खोकी एसटीच्या टपावर टाकून इंदापूरला आणली. मामंजी ओट्यावरूनच म्हणाले, "दिवाळीपातुर बघू, सूनबाई. ही खोकी पाडव्याला हितंच दिसली, तर खतवाल्याला दिलेला शब्द मी पाळणार." खतवाला पाडव्याला येणार होता, आणि माझं दुकान त्या आठ जवानांच्या खांद्यावर होतं.

गुरुवारी आमचे परीक्षक आले. डोळे लहान पोरासारखे चमकले. आठही जवान प्रत्येकी दोन, असे सोळा घेऊन गेले. जाताना म्हणाले, "वैनी, रंग एक नंबर हाय." मी मनात देवाला नारळ बोलले.

पुढच्या गुरुवारी कार्ड घेऊन आले. मी कार्डाआधी त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"गुडघा," ते म्हणाले.

"काय झालं गुडघ्याला?"

त्यांनी काउंटरवर रुमाल सोडला. आत आठ जवान, सगळे गुडघ्यातून तुटलेले. "तिसऱ्यांदा वाकवला की पांढरी रेघ येती. सातव्यांदा तुकडा. आठीच्या आठी. साचा चांगला हाय, दाणा भंगार हाय."

"अहो, सात वेळा कोण वाकवतंय?"

"किल्ल्यावर जवान काय करणार वैनी? गुडघा टेकून बसणार. पोरं दिसातनं दहादा उठवणार, दहादा बसवणार. उभाच ठेवायचा असंल तर मावळा काय वाईट?"

मग त्यांनी उपायही सांगितला, जसं काही मी विचारलंच होतं. दोन्ही खोकी त्यांच्याकडे द्यायची. ते प्रत्येक गुडघ्यात बारीक भोक पाडून तारेची खिळी बसवणार. पंधरा दिवस लागतील.

"पंधरा दिवसांनी दिवाळी संपलेली असेल!" मी जवळजवळ ओरडलेच.

"मग फुडच्या वर्षी इका की."

ऐकलंत? पुढच्या वर्षी विका! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, भाऊ, पुढच्या वर्षी इथे खताची पोती असतील. त्यांना सगळं सांगितलं, मामंजींचं, खतवाल्याचं, सगळं. ते ऐकून घेत होते. मान हलवत होते. मला वाटलं, विरघळले. मग त्यांनी कार्ड उचललं आणि खिळ्याला अडकवलं. "गुडघा: नापास." पायरीवर थांबून म्हणाले, "खोटं कसं लिहू वैनी?" आणि मोपेड चालू करून गेले. त्या आठवड्यात कारखान्यात मोठी ऑर्डर होती, मग दिवाळी, त्यामुळे पुढच्या गुरुवारी येणार नव्हते.

शुक्रवारी एकही जवान गेला नाही. पोरं आली, कार्ड वाचलं, समोर कुंभाराच्या गाडीवर जाऊन मावळे घेतले. शनिवारी तेच. एक आई तर मलाच समजवायला लागली, "काकांनी लिहिलंय ना ताई, मग ते बघूनच लिहिलं असणार."

दुपारी दुकानात कुणी नव्हतं. गल्ल्यामागे त्यांची कोरी कार्डं पडली होती. मी पेन्सिल घेतली.

माझं अक्षर त्यांच्यासारखं काढणं काही कठीण गेलं नाही. चार वर्षं वाचत होते. "नग: नवी फौज, आठ जवान. नवीन माल तपासला. गुडघा सुधारला आहे. निकाल: पास." तेवढं लिहिलं. सही करायला मात्र हात धजेना. तो रकाना कोरा ठेवला. 'किती वेळा वाकवला' हाही कोराच राहिला, कारण तिथे काय आकडा लिहावा ते मला सुचलं नाही. जुनं कार्ड चुलीत घातलं आणि नवं खिळ्याला अडकवलं. पोरांना रकाने कोरे दिसतील अशी भीती होती. पण 'पास' दिसल्यावर दुसरं कोण वाचतंय?

वसुबारसेला एक खोकं संपलं. धनत्रयोदशीला दुसरं. कुरवलीहून, अंथुर्ण्याहून माणसं आली. पाडव्याला मामंजी रिकाम्या फळीवरून बोट फिरवून म्हणाले, "चालू दे मग," आणि खतवाल्याला परस्पर चहा पाजून लावून दिलं. त्या दिवशी मी शटर ओढताना रडले. आनंदाने रडले, खोटं कशाला बोलू.

भाऊबीजेला मी बारामतीला माहेरी गेले. परत आले तर गल्लीतल्या प्रत्येक किल्ल्यावर लंगडी फौज. बुरुजावर एक पाय, अळिवात एक पाय. एका दारात तर पोरांनी पाय मोडलेल्या जवानांसाठी बाजूला दवाखाना मांडला होता, आणि त्यातला डॉक्टरही एका पायाचा.

गुरुवारी सकाळी शटर उघडलं तेव्हा पायरीवर सात-आठ बाया पोरांना घेऊन उभ्या होत्या. कुणी पिशवी उलटी केली, कुणी पदरातून तंगडी काढून आपटली. "पास लिवलं हुतं न्हवं?" एकीने कार्ड दोऱ्यासकट ओढून काढलं. मी म्हटलं, "अहो बाई, जरा ऐका..." पण ऐकवण्यासारखं माझ्याकडे होतं काय?

आणि तेवढ्यात मोपेड थांबली.

गर्दी त्यांच्याकडे वळली. "आलं बगा! काका, ह्ये काय?" त्या बाईने कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं. मग माझ्याकडे बघितलं नाही, कार्डाकडेच बघत राहिले. मी काउंटर घट्ट धरून उभी होते. मला वाटलं, आता बोलणार. बोललेच पाहिजे. खरं म्हणजे बोलावं असंच मला वाटत होतं, एकदा सुटका तरी होईल.

त्यांनी कानामागची पेन्सिल काढली. कार्ड काउंटरवर ठेवलं. 'किती वेळा वाकवला' या कोऱ्या रकान्यात लिहिलं, "एकदाही नाही." आणि खाली, सहीच्या रकान्यात, आपली नेहमीची सही केली.

मग ते कार्ड बायांसमोर धरून म्हणाले, "माझी चूक हाय. न तपासता पास लिवलं. जवान हितं ठेवून जावा, मी बसवून देतो."

मग एक बाई म्हणाली, "दुकानदारणीनं काय खाऊ दिला असंल." बाकीच्या हसल्या. एक पोरगा, रोज कार्डं वाचणारा, नववीतला, त्यांच्याकडे असा बघत होता की मला त्याच्याकडे बघवेना. ते खाली मान घालून तंगड्या गोळा करत होते.

तीन गुरुवार ते माझ्या पायरीवर बसून पाय बसवत होते. तार तापवायची, गुडघ्यात खुपसायची, फुंकर मारायची. पाय बसला, पण गुडघा वाकेनासा झाला. पोरं येऊन आपापला जवान घेऊन जायची, कुणी त्यांच्याशी बोलत नसे.

बाया गेल्यावर त्या पहिल्याच दिवशी मी त्यांच्यावर उखडले. हो, मीच! "तुम्ही कशाला केलंत हे? मी लिहिलं होतं ते. सांगायचं होतं की! ओरडायचं होतंत माझ्यावर!"

"वरडून काय पाय बसणार हायेत?"

"पण तुमचं नाव गेलं ना!"

ते तार फिरवत राहिले. "आमच्या बाबानं एका वर्षी मेंढरं इकली. म्हणला, दोन वर्षांनी परत घिऊ. मेंढरांचं वाडगं रिकामं झालं ते झालंच. वैनी, तुमचं हे शटर एकदा खाली आलं असतं ना, परत वर गेलं नसतं. माझं काय, मला नापासाची सवय हाय."

मी आत गेले आणि उगाच बांगड्यांचे डबे लावत बसले. असा राग आला होता, असा राग, की कुणावर काढावा ते कळत नव्हतं. खरं तर मी तेव्हाच पायरीवर उभं राहून पेठेला ओरडून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. आज सांगू, उद्या सांगू. मामंजींना कळेल, गिऱ्हाईक तुटेल. मूग गिळून बसले ते बसले.

त्यानंतर त्यांनी कार्ड लिहिलं नाही. एकसुद्धा नाही. गुरुवारी यायचे, पण हात पुढे करायचे नाहीत. मी आपण होऊन नवा जवान काढून पुढे ठेवायची. ते दुरूनच बघायचे.

"वाकवून बघा की," मी म्हणायची.

"चांगलाच असंल."

हे 'चांगलाच असंल' मला त्या सगळ्या 'नापास'पेक्षा जड गेलं. मी कोरी कार्डं मुद्दाम समोर ठेवायची, पेन्सिलीला टोक करून ठेवायची. एकदा तर रागाने म्हटलं, "भाऊ, अहो चार शिव्या तरी घाला या मालाला!" ते हसले फक्त. शेवटी मीच जवान वाकवायला शिकले. वास घ्यायला शिकले. व्यापारी बारामतीत माझ्याकडे बघत राहायचे, ही बाई माल हुंगते काय म्हणून.

वर्षभराने त्यांच्या कारखान्याची यंत्रं गुजरातेत गेली. यंत्रांबरोबर काही माणसं गेली, त्यात हेही. जायच्या आधी आले होते. मुलीसाठी कंपासपेटी घेतली, उघडूनही न बघता पिशवीत टाकली. "येतो वैनी," म्हणाले. नंतर त्यांची काही खबर नाही. कळसला विचारलं, तर घर चुलतभावाकडे आहे म्हणाले.

दुकान अजून आहे. गाळ्याचे दोन गाळे झाले.

मागच्या दिवाळीला एक तरुण माणूस आला, बरोबर चिमुरडी लेक. किल्ल्यासाठी जवान हवे होते. मी सवयीने एकाचा गुडघा वाकवत होते, तो हसायला लागला. "काकू, ओळखलंत का? मी त्या वेळी रोज कार्डं वाचायला यायचो." ओळखलं. तोच तो, नववीतला. म्हणाला, "ते एक काका होते बघा. काय विश्वास होता आमचा त्यांच्यावर! आणि शेवटी पैसे खाऊन पास लिहायला लागले. मी तर मुलांना वर्गात उदाहरण देतो त्यांचं, लिहिलेल्या अक्षरावर विश्वास ठेवू नका म्हणून."

माझे हात थांबले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी ते तोंडाने बोलले. "अरे, ते त्यांनी लिहिलं नव्हतं. मी लिहिलं होतं. मी त्यांचं अक्षर काढलं. त्यांनी नुसती सही केली, मला वाचवायला."

तो माझ्याकडे फार मायेने बघत राहिला. "जाऊ द्या काकू," म्हणाला. "गाव सोडून गेलेल्या माणसाला किती सांभाळून घ्याल? तुमचा स्वभावच तसा."

"अरे बाबा, खरंच सांगते..."

"हो हो," तो म्हणाला. जवान पिशवीत घातले, लेकीचं बोट धरलं आणि उतरला.

मी काउंटरमागून निघून पायरीवर आले. पेठेत दिवाळीची ही गर्दी. मी हाका मारल्या, जेवढ्या जोरात मारता येतील तेवढ्या. "मी लिहिलं होतं! अरे, मी लिहिलं होतं!" दोन-चार माणसं वळून बघायला लागली. तो कोपऱ्यावर पोहोचला होता. त्याला वाटलं, मी निरोप देते आहे. त्याने लेकीला उचलून घेतलं आणि दोघांनी मिळून मला हात हलवला.